रेफरन्सची फी

अंघोळ घालून झाली होती. साबण निघाला होता. पाठ, काखा, पायाच्या बोटांमधल्या फटी, सगळं मी नीट केलं होतं. शॉवरमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर म्हातारी बसलेली आणि मी टॉवेल उघडून समोर. तिनं मला हातानं थांबवलं. बाजूच्या बादलीत तांब्या बुडवला. तिनं तो स्वतःच उचलला आणि डोक्यावरून ओतून घेतला. ओठ पुटपुटत होते. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ये, पूस मला."

सून आली. मी टॉवेल तिच्या हातात दिला आणि भिंतीला लागून उभी राहिले. माझा कुडता कोपरापर्यंत ओला. सुनेनं पुसलं, गुंडाळलं. उभं करायला मात्र परत मीच लागले, कारण सुनेची कंबर धरलेली आणि म्हातारीच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मी वाकले तशी म्हातारी म्हणाली, "टॉवेलवरून धर."

टॉवेल मध्ये असला की चालतं. अंघोळीत माझे हात अंगभर फिरले ते चाललं, कारण वरून तांब्या होता.

मी नर्स आहे. किती माणसं धुतली असतील, मोजलेली नाहीत. कुणी माझ्यावर थुंकलंय, कुणी ओरबाडलंय, एका आजोबांनी मला बायको समजून रोज शिव्या घातल्या. ती माणसं आजारी होती, त्यांचं मला काही वाटत नाही. ही म्हातारी आजारी नव्हती. खुबा मोडला होता, डोकं माझ्यापेक्षा लख्ख होतं.

आणि हे जुन्या काळातलं नाही, कुठल्या खेड्यातलं नाही. ऑकलंडमधलं आहे, आत्ताचं. पगारावर मी तिथं जात नव्हते. एका कागदासाठी जात होते. भाड्याचं घर बदलायचं तर आधीच्या घराच्या एजंटनं लिहून द्यावं लागतं की ही माणसं बरी आहेत, भाडं वेळेवर देतात, घर नीट ठेवतात. रेफरन्स म्हणतात. तो दिल्याशिवाय पुढचं घर नाही. आणि तो म्हातारीच्या मुलाच्या हातात होता.

त्याला आम्ही सगळे सर म्हणायचो. अहो-जाहो, आपण-आपलं. इथं लिहिताना मी 'तो' लिहिणार आहे. तीन वर्षं 'ते' म्हणून झालं, पुरे.

ऑकलंडमध्येच माउंट वेलिंग्टनला त्याचं ऑफिस आहे. घरांचे मालक असतात कुणी सिडनीत, कुणी दुबईत. त्यांची घरं हा सांभाळतो, भाडेकरू ठेवतो, भाडं गोळा करतो. आम्ही नवीन आलो तेव्हा गणपतीच्या हॉलवर भेटला. हातात प्रसादाचा द्रोण, गळ्यात उपरणं. "कुठले तुम्ही? नांदेड? वा, वा." नवीन माणसाला इथं घर सहजी मिळत नाही. हिस्टरी मागतात. आधी कुठं राहिलात, कोण सांगेल. आम्ही कुठं राहिलो होतो? पुण्यात धायरीला, एका खोलीत. तिथं कोण फोन करणार? तर हा म्हणाला, "हिस्टरी-बिस्टरी सोडा हो. आपली माणसं आहात. मी मालकाकडं शब्द टाकतो." आठ दिवसांत ऑकलंडच्याच मनुरेवा भागात एक युनिट, म्हणजे छोटं बैठं घर, मिळालं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पुरणपोळ्या करून त्याच्या घरी पाठवल्या.

तिथंच फसलो. उपकार झाला ना, मग त्या माणसाला कधी एक ओळ लिहिली नाही. आपल्या माणसाला ईमेल कसला करायचा? कपाटामागची भिंत ओली होऊन काळी पडली, फोन केला. "बघतो." गरम पाण्याची टाकी गळायला लागली, फोन केला. "बघतो." वर्षभर बघतच होता. नवऱ्यानं एकदा ईमेल लिहायला घेतला तर मीच म्हणाले, राहू दे, त्यांना वाईट वाटेल. पावती मागायची नाही, लेखी मागायचं नाही, नाहीतर विश्वास नाही असं दिसतं. गोऱ्या एजंटाला आम्ही पन्नास ईमेल टाकले असते. आपल्या माणसाला मात्र तोंडी. हा आपल्याच लोकांचा मूर्खपणा आहे आणि त्यात मी सगळ्यांत पुढे.

मग नवऱ्याला राजधानीजवळ अप्पर हटला नोकरी लागली. रेल्वेच्या सिग्नलचं काम, तो शिकला तेच. इथून गाडीनं आठ-नऊ तास. तो पुढं गेला आणि तीन अनोळखी पोरांच्या घरात एक खोली घेऊन राहायला लागला. मी आणि नऊ वर्षांची लेक मनुरेवात. ठरलं होतं की महिनाभरात तिकडं घर घ्यायचं आणि आम्ही जायचं. मला तिकडं काम मिळायची अडचण नव्हती, नर्स सगळीकडं हव्यात. अडचण एकच. प्रत्येक घराच्या फॉर्मवर तो एक रकाना. मागच्या एजंटचं नाव, फोन, रेफरन्स.

मी माउंट वेलिंग्टनला गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून डब्यात शंकरपाळे घेऊन गेले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"रेफरन्स ना? देऊ की. फी असते त्याची. दीडशे."

"फी?"

"प्रोसेसिंग असतं हो. फाइल काढायची, रेकॉर्ड बघायचं. कॅश असली तर बरं."

दिले. चार दिवसांनी कागद आला, दोन ओळींचा. अमुक माणसं अमुक पत्त्यावर राहतात, अमुक तारखेपासून. बस. भाडं वेळेवर दिलं का, घर कसं ठेवलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. तीन वर्षांत आमचं भाडं एक दिवस उशिरा गेलं नव्हतं. मी आजारी असताना, नवऱ्याला काम नसताना, तरीही नाही. त्याचं त्या कागदावर काहीच नव्हतं.

अप्पर हटच्या पहिल्या एजंटनं त्याला फोन केला. यानं उचलला नाही. तीनदा केला, नाही उचलला. घर दुसऱ्या कुणाला गेलं. मी विचारलं तर म्हणतो, "लेटरचं वेगळं, फोनचं वेगळं. व्हेरिफिकेशन म्हणतात त्याला. दर घरामागं शंभर." आता बोला! तेही दिले. दुसऱ्या घराच्या वेळी फोन उचलला आणि सांगितलं काय, तर फाइल बघावी लागेल, पुढच्या आठवड्यात करा. पुढच्या आठवड्यापर्यंत कोण थांबतं? तेही घर गेलं.

रोज संध्याकाळी लेक फोनवर बापाला विचारायची, "हाऊ मेनी मोअर स्लीप्स, बाबा?" म्हणजे अजून किती रात्री. तो म्हणायचा, थोड्याच. आधी दहा म्हणायचा, मग आकडा सांगायचं बंद केलं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मीच म्हणाले, "सर, काय असेल ते सांगा, पण या वेळी नीट बोला त्यांच्याशी. पोरगी रोज वाट बघते."

तो खुर्चीत मागं टेकला. हसला. "अहो, पैशांचं काय घेऊन बसलात! तुम्ही नर्स ना? आई आलीय पुण्याहून. इथं येऊन पडली बिचारी, ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी तासभर येऊन अंघोळ घालून जाल का? घरचं समजून. रेफरन्सचं मी बघतो."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी नुसते धरले नाहीत, साबण लावून धुतले.

पहिले दोन शनिवार बरे गेले, खोटं कशाला बोलू. आजी बोलकी होती. शॉवर नको, बादली आणि तांब्याच हवा, पुण्याहून बॅगेत तांब्या घेऊन आलेली. "तुझा हात हलका आहे गं पोरी. इथल्या त्या गोऱ्या बाया येतात, भांडं घासल्यासारखं घासतात." मी केसांना तेल लावून दिलं. तिनं मला कढीची कृती सांगितली. मलाही बरं वाटलं. माझी आई नांदेडला, तिला मी तीन वर्षांत पाहिलेलं नाही. वाटलं, चला, तेवढंच.

दुसऱ्या शनिवारी निघताना तिनं विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं तुझं?"

नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. माहेरचं तसं नाही. मी सांगितलं. का नाही सांगायचं? तिनं परत विचारलं, "म्हणजे तुम्ही…" मी म्हटलं, "आम्ही बौद्ध, आजी." ती "हं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. केसांत माझंच तेल होतं.

तिसऱ्या शनिवारपासून तो वरचा तांब्या सुरू झाला.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. वाटलं साबण राहिला असेल, आपलीच चूक. म्हणून पुढच्या वेळी जास्त पाणी घातलं. तरी तांब्या. मग सून, डोळे जमिनीवर, म्हणाली, "आईंचं जुनं वळण आहे. मनावर घेऊ नका हं." आणि तो, हॉलमध्ये टीव्हीसमोर, मोठ्यांदा म्हणाला, "आम्ही इथं असलं काही पाळत नाही. आमच्याकडं सगळे येतात. आईचं वय झालंय, तिला काय बोलणार!"

तिला नको बोलू रे. पण मला बोलावतोस कशाला?

हे मी तेव्हा म्हणाले नाही. आता लिहितेय. तेव्हा मी काय केलं ते ऐका. पाचव्या शनिवारी मी स्वतःहून ग्लोव्ह्ज घालून गेले. कामावरच्या डब्यातले निळे ग्लोव्ह्ज खिशात टाकून नेले. मनात हिशेब असा, की ग्लोव्ह्ज असले तर तांब्या लागणार नाही. म्हणजे मी मान्यच केलं होतं ना, की माझ्या हाताला काहीतरी आहे. तिनं ग्लोव्ह्जकडं पाहिलं आणि तरीही तांब्या ओतून घेतला. घरी येऊन मी गाडीतच बसून राहिले. लाज वाटली. तिची नाही, स्वतःची. इतकी लाज मला शाळेत पाण्याच्या माठाशी हटकलं होतं तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा मी भांडले होते. सात वर्षांची असताना भांडले होते, आणि आता ग्लोव्ह्ज घालून गेले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "दोन-तीन शनिवार काढ गं. एकदा घर मिळू दे, मग त्याचं तोंड बघायचं नाही." मला त्याचाही राग आला आणि त्याची कीवही. त्या खोलीत त्याला शेगडीवर रात्रीची एकच पाळी मिळते, तो आठवड्याचं वरण एकदम करून ठेवतो. काय बोलणार त्याला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दोघांनाही.

मग ते तिसरं घर आलं. अप्पर हटला, शाळेपासून चालत पाच मिनिटं. तिथली एजंट ट्रेसी. तिचा फोन आला, "किया ओरा!" असा माओरी नमस्कार करून सुरुवात, आवाजात हसू. म्हणाली, तुमचा अर्ज मालकाला खूप आवडला, तुमच्या कामावरच्या मॅट्रननं फार छान सांगितलं, फक्त आत्ताच्या एजंटशी बोलायचं राहिलंय. सोमवारी दुपारी बारापर्यंत तो बोलला की घर तुमचं. मी लेकीला सांगून टाकलं. सांगायला नको होतं. तिनं लगेच बॅग काढून त्यात टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, आणि जँडल्स, म्हणजे स्लिपा, भरल्या.

मी त्याला फोन केला. म्हणाला, "सोमवारी ना? करू की. शनिवारी या तुम्ही. आणि हो, शाळेची सुट्टी लागतेय ना, दोन्ही पोरांना घेऊन आम्ही चौघं पंधरा दिवस साउथ आयलंडला चाललोय. आईजवळ तुम्ही राहा रोज. लेकीलाही आणा. मग फर्स्ट क्लास रेफरन्स देतो, बघा."

एरवी लेकीला सांभाळणारी शेजारीण त्या शनिवारी गावाला गेली होती म्हणून लेकीला बरोबर न्यावं लागलं. तिला म्हटलं, हॉलमध्ये बस. पण ती कधी बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. त्या दिवशीही ग्लोव्ह्ज घालूनच मी अंघोळ घातली. साबण काढला. टॉवेल उघडला. म्हातारीनं हात केला, तांब्या बुडवला, ओतला.

मागून लेकीचा आवाज आला. "बट मम, यू ऑलरेडी रिन्स्ड हर."

तिला वाटलं आजीला कळलं नाही. तिला वाटलं आईनं काम चोख केलंय हे सांगायला हवं. तिनं परत सांगितलं, आजीला, मोठ्यांदा, म्हाताऱ्या माणसांना सांगतात तसं. "शी डिड इट प्रॉपरली. आय सॉ." आणि माझ्याकडं बघून हसली.

 ही पोरगी पंधरा दिवस रोज इथं येणार होती. रोज हे बघणार होती. तीन-चार दिवसांत विचारणार होती की का. आणि मी तिला काय सांगणार होते? की जुनं वळण आहे? की मनावर घेऊ नकोस? त्या सुनेचीच वाक्यं मी माझ्या तोंडानं माझ्या लेकीला सांगणार होते.

मी ग्लोव्ह्ज काढले. टॉवेल सुनेला दिला नाही. मी विचारलं, "आजी, हा तांब्या कशासाठी?"

म्हातारीनं ऐकलं नाही असं केलं.

"माझी लेक विचारतेय. मी नीट धुतलंय, तिनं पाहिलंय. मग हा कशासाठी? सांगा तिला."

"आमची पद्धत आहे ती."

"कसली पद्धत?"

ते तिलाही तोंडानं म्हणता येईना. शब्द तिला माहीत होता, मलाही. सून दारात येऊन उभी होती. मी म्हातारीला पुसलं. माझ्या उघड्या हातांनी, नेहमी पेशंटला पुसते तसं, पाठीवर, कानामागं. थंडीत तिला ओली ठेवणार नव्हते, ते माझं काम नाही. मग काखेत हात घालून उभं केलं, खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं. आणि सांगितलं, "आजी, आता पुढच्या शनिवारपासून मुलाला सांगा अंघोळ घालायला. त्याच्या हाताला वरून तांब्या लागत नाही."

हॉलमध्ये तो उभा राहिला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"काय झालं एवढं?"

"फोन करा. आत्ता, माझ्यासमोर. ट्रेसीचा नंबर आहे माझ्याकडं. तीन वर्षं भाडं वेळेवर दिलं की नाही, तेवढंच सांगा."

"शनिवारी ऑफिस बंद असतं."

"अंघोळीला उघडं असतं?"

त्याचा चेहरा बदलला. हसू गेलं. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं त्यानं. "हे बघ, मी तुम्हाला घर दिलं तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. ही अ‍ॅटिट्यूड असेल तर मला रेफरन्समध्ये खरं ते लिहावं लागेल."

"काय खरं?"

"की टेनंट डिफिकल्ट आहे."

"लिही," मी म्हटलं. माझ्याही तोंडून अरे-तुरेच निघालं. लेकीचा हात धरला आणि निघाले. गाडीत ती म्हणाली, "आर वी इन ट्रबल?" मी म्हटलं, हो. खरं तेच सांगितलं.

रविवारी मला ड्यूटी होती. माझ्याबरोबर लोसा काम करते, सामोआची, वीस वर्षं इथंच. बेड करता करता तिला सांगितलं. ती चादर हातात घेऊन थांबलीच. "रेफरन्सचे पैसे? सिस, दॅट्स नॉट अ थिंग. असलं काही नसतं इथं." मी म्हटलं, आम्ही सगळेच देतो. ती म्हणाली, "सगळे म्हणजे कोण?" तेव्हा मला कळलं, सगळे म्हणजे आपणच.

त्याच संध्याकाळी मी ट्रेसीला लिहिलं. आयुष्यातला पहिला एवढा मोठा ईमेल. तीन वर्षांची बँकेची नोंद जोडली. लिहिलं की माझा एजंट रेफरन्स विकतो, आधी मी पैसे दिले, मग त्याच्या आईला अंघोळ घातली, आता देणार नाही. तांब्याचं लिहिलं नाही. इंग्रजीत ते कसं लिहायचं हे मला कळेना, आणि कळलं असतं तरी त्या बाईला त्यातलं काय समजणार होतं?

सोमवारी पावणेबाराला तिचं उत्तर आलं. चांगली बाई असावी. आय ॲम सो सॉरी, म्हणाली, हे फार वाईट आहे. मालकानं मात्र दुसऱ्या कुटुंबाला निवडलं, त्यांचे सगळे रेफरन्स पूर्ण होते. लेकीनं बॅग रिकामी केली नाही. ती अजून तशीच भरलेली आहे, पलंगाखाली.

फुकट कायद्याचा सल्ला देतात अशा एका ठिकाणी लोसा मला घेऊन गेली. तिथली बाई म्हणाली, रेफरन्स द्यायचा की नाही ही त्याची मर्जी. पण त्यासाठी भाडेकरूकडून पैसे घ्यायचे नाहीत, काम तर नाहीच नाही. टेनन्सी ट्रायब्युनलकडं, म्हणजे घरभाड्याच्या तंट्यांच्या कोर्टाकडं, जाता येईल. पुरावा आहे का? मी हसलेच. पुरावा! कॅश दिली, पावती नाही, सगळं तोंडी. आपला माणूस ना. ती म्हणाली, आणखी कुणी दिले असतील तर त्यांनी लिहून दिलं तरी चालेल.

मी सहा घरांत फोन केले. सहाही घरांनी फी भरलेली होती. एकानं तर दोन वर्षांत तीनदा. लिहून द्यायला एकही तयार नाही. "जाऊ दे हो, आपलेच दात आपलेच ओठ." "उद्या आम्हालाही घर बदलायचंय." आमच्या मराठी मंडळातला एक फार्मासिस्ट आहे, पुण्याचा, नेहमी सज्जनपणे बोलतो. तो म्हणाला, "फी थोडी जास्त घेतात, मान्य. पण त्यात एवढं काय! तुमच्या लोकांना ना, राग पटकन येतो."

तुमच्या लोकांना. मी त्याला अंघोळीचं सांगितलं होतं, तांब्याचं अजून सांगितलंच नव्हतं. माझे लोक कोण हे त्याला कुणी कळवलं? म्हणजे म्हातारीच्या बाथरूममधून ते गणपतीच्या हॉलवर पोहोचलं होतं.

दोन दिवसांनी म्हातारीच्या मुलाचा फोन. आवाज परत गोड. "ऐकलं, ट्रायब्युनलला जाताय म्हणे. जा की. फक्त एक लक्षात ठेवा, निकाल ऑनलाइन येतो. नाव येतं. घर देताना मालक पहिलं तेच शोधतात. मग बसा मनुरेवात जन्मभर." हे खोटं नव्हतं. सल्ला देणाऱ्या बाईलाही विचारलं. ती म्हणाली, हो, काही मालक शोधतात. म्हणून केस जिंकलात तर नाव झाकायची विनंती करता येते. करायची का?

मी नवऱ्याला विचारलं नाही. तिथल्या तिथं म्हटलं, नाही. झाकायचं नाही. माझं नाव, बापाचं आडनाव, सगळं येऊ दे. नवऱ्याच्या आडनावाआड राहून पाहिलं, नुसतं गप्प राहूनही पाहिलं, ग्लोव्ह्ज घालूनही पाहिलं. ज्याला शोधायचंय त्यानं शोधावं आणि निदान पूर्ण वाचावं.

घरी फोनवर भांडण झालं. नवरा म्हणाला, "तुला तुझा मान आणि आम्ही काय?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो एकटा आहे, पोरगी एकटी आहे, मी एकटी आहे, आणि हे मी ओढवून घेतलंय असं त्याला वाटतं. मी म्हटलं, तू म्हणशील तर आत्ता जाऊन माफी मागते, सोमवारपासून अंघोळीला जाते, लेकीला घेऊन जाते. तिनं विचारलं की तू सांग तिला तांब्या कशासाठी. तो रडत होता बहुतेक. मग म्हणाला, "नको जाऊस."

अर्ज दाखल केला. तारीख यायची आहे. पुरावा म्हणून माझा एकटीचा जबाब आहे, आणि परवा सुनेचा मेसेज आला, एका ओळीचा, 'मी बघितलंय ते विचारलं तर सांगेन.' खरंच सांगेल का, ठाऊक नाही. मी तिच्यावर विसंबून नाही.

मनुरेवाच्या त्याच ओल्या भिंतीच्या घरात आम्ही आहोत. त्या दिवसापासून चार घरांना अर्ज केले, चारही गेली. फॉर्मवर तो रकाना येतोच. मागच्या एजंटचा रेफरन्स. कोरा सोडला तर फॉर्म पुढं सरकत नाही. त्यात मी लिहिते: माझ्या एजंटनं रेफरन्स विकायला काढला होता, मी विकत घेणं बंद केलं, त्याच्याविरुद्ध माझी केस चालू आहे, काय विचारायचं ते मला विचारा. खाली माझा नंबर.

काल पाचवा फॉर्म भरला. तेच लिहिलं.